देवी नव्हती, वहिनी

वहिनी, आता या घरात मी घाबरलो तर कुणाच्या लक्षात येत नाही.

तू होतीस तेव्हा मला कळायच्या आधी तुला कळायचं. जेवताना मी बोटं एकमेकांवर चोळायला लागलो की तू चुलीपुढून मान वर करायचीस. भाकर वाढायच्या निमित्तानं जवळ यायचीस आणि दादाला ऐकू जाणार नाही इतकं हळू विचारायचीस, "येऊन राहिलं काय?" मी मान हलवली की म्हणायचीस, "येऊ दे. तू जेवत राय." दादा शेजारीच असायचा, पण त्याचं लक्ष ताटात. त्याच्या एका हाताच्या अंतरावर मी मरायला टेकलेला असायचो आणि तो तुझ्याकडे ठेचा मागत असायचा. तू त्याला ठेचा वाढायचीस आणि मला डोळ्यांनी धरून ठेवायचीस.

परवा वावरात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटत होतो. ऊन चढलं होतं. अचानक छाती आवळली, कानात घूं व्हायला लागलं, हात माझे नाहीत असं वाटलं. मी खाली बसलो. दादा पलीकडच्या तासात होता. त्यानं पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि हात जोडले. मला, वहिनी. सख्ख्या भावानं मला हात जोडले आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, देवीला अडचण नको म्हणून. मी त्या तापल्या काळ्या मातीत एकटा बसून राहिलो. गेलं ते शेवटी. जातंच. पण तुझ्याशिवाय जायला त्याला फार वेळ लागला.

हे देवीचं लचांड सुरू झालं त्या दिवशी तू अंगणातच होतीस. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस थांबला होता, आणि आपल्या बोंडांना कधी नव्हे तो भाव आला होता. लढाई कुणाची, कशासाठी, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती चालू राहावी म्हणून नवस मात्र बोलून झाले होते. त्या हंगामातलं पहिलं पोतं भरायचं होतं. दादानं दोन कडुलिंबांच्या मध्ये आडवी बल्ली बांधली, तिला ते माणसापेक्षा उंच पोतं टांगलं, तू त्याला हळदकुंकू लावलंस, दादानं नारळ फोडला. आणि मी आत उतरलो. घरात अंगानं हलका मीच, म्हणून तुडवायला दरवर्षी मीच. वरून कापूस पडत राहतो, खाली आपण पायांनी दाबत राहायचं, कापूस चढतो तसे आपणही वर चढतो. लहानपणापासून केलेलं काम. त्यात कसलं भेव?

पण त्या दिवशी वरून एकदम मोठा ढीग आला. डोक्यावर, तोंडावर. उजेड गेला. नाकात तंतू गेले. आणि मला पक्कं कळलं की मी आता मेलो. मला नुसतं वाटलं असं नाही, वहिनी, कळलंच. काळीज असं उड्या मारत होतं की बाहेरच्यांना ऐकू जात असेल. मी ओरडलो, पोत्याला आतून लाथा मारल्या. त्यांनी मला ओढून बाहेर काढलं तेव्हा मी पानासारखा थरथरत होतो, डोळे फिरले होते, अंगभर पांढरा कापूस चिकटलेला, आणि कपाळाला पोत्यावरचंच कुंकू लागलेलं.

आता सांग, नुकताच नारळ फुटलेला, कुंकू लावलेलं, आणि पोरगा थरथर कापतोय. लोकांनी दुसरं काय समजावं? कुणीतरी म्हणालं, "देवी आली रे!" बाया पुढे झाल्या. दादा पाया पडला. एकानं म्हटलं, "कौल घ्या, कौल!" आणि माझ्या तळहातावर चिमूटभर कापूस ठेवला. हातात राहिला तर माल धरून ठेवायचा, गळाला तर विकायचा. हात कापत होता. कापूस गळाला. दुसरं काय होणार होतं?

गावानं माल विकला. पुढे महिनाभर भाव आणखी चढत गेला तेव्हा लोकांनी मला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील ते तुला ठाऊक आहे, तू पाणवठ्यावर ऐकून यायचीस आणि मला हसत सांगायचीस. "तुही देवी येडी हाये म्हनतेत." पण नंतरच्या साली मी पुन्हा थरथरलो, पुन्हा कापूस गळाला, पुन्हा विकला, आणि मग लढाई संपली म्हणून भाव असा कोसळला की धरून बसलेले लोक रस्त्यावर आले. झालं. देवी शहाणी ठरली. दर मंगळवारी अंगणात माणसं. बाळापूरची, पार बार्शीटाकळीची. बैलांच्या शिंगांना चांदी चढवलेले शेतकरी माझ्यापुढे जमिनीवर बसायचे. एवढी माणसं माझ्याकडे बघतायत म्हणूनच मला घाबरायला व्हायचं, आणि घाबरलो की त्यांना हवं ते मिळायचं. मंगळवारच्या भेवानं सोमवारी जेवण जात नव्हतं. ज्या घरी माझी सोयरीक ठरत आली होती त्यांनी निरोप धाडला, ज्याच्या अंगात येतं अशा देवीच्या झाडाला पोरगी कशी द्यायची, तिचा संसार कोण करील? पूजा करायला सगळे होते. जवळ बसायला कुणी नव्हतं.

अशा एका मंगळवारी लोक गेल्यावर मी गोठ्यात जाऊन बसलो होतो. तू शेणाची पाटी घेऊन आलीस. माझ्याकडे पाहिलंस आणि पाटी खाली ठेवलीस.

"बापू, एक इचारू? छाती आवळते ना तुही? आन आता मरतो असं वाटते?"

"हाव."

"आन पळून जाव वाटते, पन कोठी जाव समजत नाई?"

माझ्या आतलं कुणाला दिसत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"थे देवी नोहोय," तू म्हणालीस. "थे भेव हाये. नुसतं भेव."

"काहीच नसतं तवाही येते, वयनी. कायचं भेव?"

"कायचंच नाई. थेच तं. आंगाले वाटते वाघ आला. वाघ नसते. पन आंगाले कोन सांगाव?"

वहिनी, त्या दिवशी मी रडलो ते तू पाहिलंस आणि काही बोलली नाहीस, याचे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. देवी नाही म्हटल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. पण आधी लाजच वाटली. देवी असणं मोठं होतं; नुसतं भेकड असणं फार लहान. तू ते ओळखलंस. म्हणालीस, "भेकड असता तं मंगयवारी लोकायच्या पुढे बसला असता काय?"

मग तुझी शिकवणी सुरू झाली. तुझ्या शिकवणीत गोडवा काही नव्हता, हे आता म्हटलं तर तू रागावू नकोस. सरकी काढायच्या रेच्यापुढे मला बसवायचीस, दांडा माझ्या हातात द्यायचीस. "फिरव. हयू. श्वास घेऊ नोको, सोड. घेनं आपोआप होते, सोडनं शिकाव लागते." मी घाईनं फिरवला की हातावर चापट. एक दिवस मी वैतागून म्हटलं, तुला हे कुणी शिकवलं? तू रेच्यातून निघालेली सरकी बाजूला सारत म्हणालीस, "कोनी नाई. येवढ्यांदा वाटलं मेली, आन मेली नाई. मंग समजलं."

तेव्हा मला कळलं. खरं म्हणजे आधीच कळायला हवं होतं. जमिनीखालचं जोंधळ्याचं पेव उघडलं की आत उतरायच्या वेळी तुझी कंबर दुखायची. दरवर्षी. दादा कुरकुर करायचा, तू गोठ्यामागे निघून जायचीस. एकदा मी गाय सोडायला गेलो तेव्हा तू भिंतीला पाठ लावून उभी होतीस, डोळे मिटलेले, ओठ हलतायत, पायातली जोडवी मातीत रुतवलेली. मला वाटलं होतं, जप करतेय. तू श्वास सोडत होतीस.

पोत्यात परत उतरायचं हे तुझंच वेड. मी म्हटलं, दुसऱ्याला लावा कामाला. तू ऐकेनास. "ज्याच्यापासून पयशील थे मोठं होते." रिकामं पोतं अंगणात टांगलंस. पहिल्या दिवशी म्हणालीस, फक्त हात घाल. दुसऱ्या दिवशी डोकं. मग एक पाय. मी चिडायचो, तू पोत्याची कड धरून उभी. शेजारणी विचारायच्या, दीर-भावजय रिकाम्या पोत्याशी काय करतात? तू सांगायचीस, उंदरानं कुरतडलंय का ते पाहतोय. मी आत घाबरलो की तू वरून विचारायचीस, "बाहेर काढू काय?" आणि मी हो म्हणायच्या आत म्हणायचीस, "थांब वाईच. निवू दे. मंग काढतो." आणि ते खरंच निवायचं. पळालो असतो तर कधीच कळलं नसतं की ते आपोआप निवतं. पुढच्या हंगामात मी पूर्ण पोतं तुडवलं. वर आलो तेव्हा तू तोंडाला पदर लावून हसत होतीस. बाकी कुणाला काही समजलं नाही. त्यांना वाटलं, पोतं भरलं.

अमरावतीची गोष्ट तुला सांगितली तेव्हा तू किती हसलीस! गाड्या घेऊन मी पहिल्यांदा एकटा गेलो होतो. बाजारात गाड्यांची अशी दाटी झाली की पुढे जाता येईना, मागे सरता येईना. आणि ते आलं. ओळखीचं माणूस नाही. मी वहाणा काढल्या, पाय जमिनीला टेकवले, श्वास सोडला, आणि तू सांगितलं होतंस तसं जे दिसेल ते मोठ्यानं बोलायला लागलो. "बैल. शिंग. शिंगावर चांदी. बैल. पागोटं. लाल पागोटं. पागोट्याखाली लठ्ठ माणूस." तो लठ्ठ माणूस दलाल निघाला. तो वळून म्हणाला, "लठ्ठ कोणाला म्हणतोस?" आणि त्याच्याशी भांडता भांडता माझं भेव कधी गेलं ते मला कळलंच नाही. हे ऐकून तू तव्यावरची भाकर जाळलीस. त्या दिवशी आपल्याइतकं सुखी घर वऱ्हाडात दुसरं नसेल.

पण त्याच दिवशी आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून ते पुन्हा काढतो.

मी म्हटलं, आता मी सगळ्यांना सांगतो. देवीबिवी काही नाही म्हणून. आणि तूही दादाला सांग. तुझा चेहरा एकदम उतरला. "खबरदार," म्हणालीस.

"काहून? दादा काय खाते तुले?"

"तुह्या आंगात देवी आली. माह्या आंगात काय येईन, ठाऊक हाये? मी सून हावो. माह्या मावशीले असंच होये. तिच्या सासरच्यायनं भूत म्हनून लिंबाच्या डहायीनं झोडपली, मिरच्याची धुनी देल्ली. माहेरी आनून टाकली. मंग बोललीच नाई थे कोनासंगं."

"दादा तसा नाई."

"तुले काय ठाऊक? तू त्याचा भाऊ, मी बायको." आणि मग तू माझ्याकडून शपथ घेतलीस. "तुहं तू कोनाले सांगू नोको, आन माहं तं मी मेल्यावरबी नाई." मी रागानं म्हटलं, म्हणजे मला बरं करायचं आणि आपण लपून राहायचं, हा कुठला न्याय? घागर उचलून निघून गेलीस. शपथेपायी मी मंगळवारी बसत राहिलो, आणि त्यानंतर आपण हा विषय किती वेळा काढला आणि किती वेळा तू घागर उचललीस! घरात पाणी कधी कमी पडलं नाही, ते या भांडणामुळे.

मग तू अंथरूण धरलंस. तुझा ताप चढत गेला तेव्हा खोलीत बायांची गर्दी होती. मी उंबऱ्याशी बसलो होतो. तू डोळे उघडून मला शोधलंस आणि सगळ्यांदेखत, त्या कोरड्या ओठांनी विचारलंस, "येऊन राहिलं काय?" बायांना वाटलं, तू बडबडतेयस. मी मान हलवली. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला भेव आलंच होतं, आयुष्यात आलं नव्हतं एवढं. तू म्हणालीस, "बस मंग तथीच." मी तिथंच बसून राहिलो. तुला विचारायचं राहून गेलं, वहिनी. तुला येत होतं का, ते. माझं सगळं तू विचारलंस आणि मी तुझं एकदाही विचारलं नाही, कारण तू मोठी होतीस आणि मला वाटायचं तुला सोबत लागत नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. दादा नदीकाठी उन्हात उभा होता. आधी त्यानं म्हटलं, बापूचं लग्न लावून देतो. कावळा झाडावरच. तुझ्या माहेरच्यांची काळजी घेतो म्हणाला. कावळा हलेना. मग तुला काय हवं असेल ते दादाला सुचेनाच. तुझ्याबरोबर एवढी वर्षं संसार करून त्याला तिसरी गोष्ट सुचली नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं.

आणि काल मंगळवार होता. सकाळपासूनच लोक आले होते. सुतक फिटलं, आता देवी बसेल म्हणून. मी अंगणात बसलो. लोकांच्या मागून दादा आला. तो कधी येत नसे कौलाला. हात जोडायचा, पण भावापुढं मागायला कसं बसायचं म्हणून लाजायचा. काल आला. माझ्यापुढं मांडी घालून बसला, डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं, आणि माझ्या तळहातावर कापूस ठेवला.

"माय," मला म्हणाला. "थे कायच्यात अडकली सांग. काय पाहिजे होतं तिले? मी आनतो. काईबी असो, आनतो."

माझा हात कापायला लागला. छाती आवळली. सगळं नेहमीसारखं आलं. मला फक्त गप्प बसायचं होतं, कापूस गळाला असता, कुणीतरी त्याचा काहीतरी अर्थ लावला असता, दादानं एखादी साडी नेऊन नदीत सोडली असती आणि त्याचं समाधान झालं असतं. पण मला ते करवेना, वहिनी. माझ्या भावाचं तोंड मला बघवेना.

मी कापूस मुठीत धरला. म्हटलं, "दादा, देवी नाई. कवाच नवती. मले भेव वाटते. घाबरतो मी, म्हनून कापतो. येवढंच."

मग एक म्हातारी उठली, तिनं आपला नारळ परत पदरात घेतला. तिच्यामागं एकेक जण उठला. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. बैलांच्या घुंगरांचा आवाज लांब जात राहिला. दादा मात्र तसाच बसून होता. मी म्हटलं होतं ते त्याच्या डोक्यात हळूहळू शिरत होतं.

"तिले ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"हाव. तिनंच मले सावरलं."

"तिले कसं समजलं पन?"

माझ्यापुरती शपथ मी मोडली होती, तुझ्यापुरती मोडायची नव्हती. मी खाली बघत राहिलो. मग दादा अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माहेरी जाताना बैलाच्या दमनीत बसत नवती थे. वरून तट्ट्याचं छप्पर होतं ना दमनीले. म्हने, हिसके लागतेत. मांगून चालत ये, येवढ्या उन्हात. लोक हासत, मालदाराची बायको आन पैदल. मी कावलो तिच्यावर. नेनंच बंद केलं तिले माहेरी." त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तिले बी होत होतं काय, बापू?"

मी तरीही बोललो नाही. त्याला पुरलं ते.

त्यानं पागोटं उचललं, डोक्यावर ठेवायला गेला, हात मध्येच राहिला. "मले सांगतलं असतं," दादा म्हणाला, "तं मी बी चाललो असतो तिच्यासंगं. पैदल."

आणि मग माझा तो आडदांड भाऊ रिकाम्या अंगणात तोंड झाकून रडला, आणि मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

वहिनी, आपल्या भांडणात माझंच खरं निघालं. दादा तसा नव्हता. हे तुला जाऊन सांगावं म्हणून मी घरात आलो, आणि चुलीपुढं कुणी नव्हतं.